ऑक्सफर्ड-केंब्रिजचा प्रवेश-अर्ज

केंब्रिज हें नांव मराठी घरांत आलें तें 'रँग्लर' या शब्दाचा हात धरून. दापोलीजवळच्या मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ सालीं तेथील गणिताच्या परीक्षेंत संयुक्तपणें पहिले आले, आणि ती पदवी त्यांच्या नांवामागें कायमची लागली. त्या यशाचा दरारा असा बसला कीं, अशा विद्यापीठांत शिरकाव मिळतो तो पहिल्या नंबरालाच, ही समजूत महाराष्ट्रांत अजून टिकून आहे. वास्तविक परांजपे पहिले आले ते अभ्यासक्रमाच्या शेवटीं. प्रवेशाच्या दारांत लावली जाणारी कसोटी निराळी आहे. ती ठाऊक नसल्यामुळें उत्तम गुणांचीं कितीतरी मुलें दारांतूनच परततात. ज्या श्रोत्यांच्या घरीं आज दहावी-अकरावीचें मूल आहे, त्यांनीं ती समजून घेण्यास हीच वेळ योग्य होय.

ऑक्सफर्डकडे अलीकडच्या वर्षांत पदवीच्या अभ्यासासाठीं २३,००० च्या आसपास अर्ज येतात आणि जागा सुमारें ३,३०० असतात. केंब्रिजची स्थिति फारशी वेगळी नाहीं. अर्जदारांपैकीं बहुतेकांचे गुण चांगलेच असतात. तेव्हां गुणांनीं उमेदवार फार तर विचारांत घेतला जातो, निवड होते ती दुसऱ्या कशावरून तरी. तें दुसरें काय, हें तेथील अध्यापनाची पद्धति पाहिली म्हणजे उमगतें. ऑक्सफर्डला जिला ट्यूटोरियल आणि केंब्रिजला जिला सुपरव्हिजन म्हणतात, त्या शिकवणींत एक, दोन किंवा तीन विद्यार्थी अध्यापकासमोर बसतात, आठवड्यांत लिहिलेला निबंध किंवा सोडविलेलीं उदाहरणें पुढें ठेवतात आणि त्यांतील विधानांचें समर्थन करतात. अर्ज वाचणारे बहुधा हेच अध्यापक. पुढें तीन-चार वर्षें ज्याच्याशीं विषयाची चर्चा करावयाची, तो त्या चर्चेला उभा राहील काय, एवढेंच त्यांना पाहावयाचें असतें. क्रिकेटची कप्तानी, वक्तृत्वाच्या ढाली, समाजसेवेचीं प्रशस्तिपत्रें यांना अमेरिकेंतील विद्यापीठें पुष्कळ महत्त्व देतात. येथें विषयाशीं ज्याचा संबंध नाहीं त्याला फारसें स्थान नाहीं.

अर्ज यूकास नांवाच्या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातो. त्यांत पांच अभ्यासक्रम निवडतां येतात. मात्र ऑक्सफर्ड आणि केंब्रिज हीं दोन्ही नांवें साधारणतः एकाच वर्षीं घालतां येत नाहींत. अर्जाचा प्राण म्हणजे उमेदवाराचें स्वतःविषयींचें निवेदन. मोकळ्या जागा धरून त्याची मर्यादा ४,००० अक्षरचिन्हांची आहे. २०२६ सालच्या प्रवेशापासून तें तीन प्रश्नांच्या उत्तरांत विभागलें गेलें: हाच विषय कां, शाळेंतील अभ्यासानें त्यासाठीं काय तयारी झाली, आणि शाळेबाहेर काय केलें. पांचही ठिकाणीं एकच निवेदन जातें, म्हणून त्यांत एकाच विद्यापीठाची स्तुति करणें व्यर्थ.

उसन्या निवेदनांचें काय होतें याचा एक मासला प्रसिद्ध आहे. यूकासनें २००७ च्या सुमारास आलेलीं निवेदनें यंत्रानें एकमेकांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां २३४ उमेदवारांनीं आठ वर्षांचे असतांना पायजम्याला भोंक जाळल्याची एकच हकीकत सांगितल्याचें आढळलें. इतके पायजमे खरोखर जळते, तर तेथील शिंप्यांची चंगळ झाली असती! आज पैसे घेऊन निवेदन बेतून देणारे मार्गदर्शक आहेत, आणि कृत्रिम बुद्धीचें यंत्र तर तेंच काम घटकाभरांत उरकतें. त्यांतील भाषा गुळगुळीत असते. परंतु न वाचलेल्या पुस्तकाचें नांव एकदां निवेदनांत गेलें, कीं मुलाखतींत पहिला प्रश्न त्याच पुस्तकावर येण्याचा संभव असतो.

समजा, लासलगांवाच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या मुलीला अर्थशास्त्र शिकावयाचें आहे. लहानपणापासून या विषयाची ओढ आहे, अशा वाक्यानें तिनें आरंभ केला, तर तें निवेदन शेंकडों निवेदनांत मिसळून जाईल. परंतु निर्यातीवर बंदी येतांच बाजार समितींत कांद्याचा भाव कोसळतो आणि शहरांतील गिऱ्हाइकाला तो त्या प्रमाणांत उतरलेला कां दिसत नाहीं, हा प्रश्न तिनें मनाला लावून घेतला असेल; दोन हंगाम लिलावाचे भाव वहींत टिपले असतील; मागणी-पुरवठ्याच्या धड्यांत साठवणूक, आडत आणि वाहतूक यांचा हिशेब कोठें बसतो हें पुस्तकांतून शोधलें असेल, आणि एखाद्या ग्रंथकाराचें म्हणणें आपल्या वहीशीं जुळत नाहीं असें तिला दिसलें असेल, तर त्या चार ओळींपाशीं वाचणारा अध्यापक थबकतो. तिला काय विचारावें, हें त्याला सुचूं लागतें. घरचा प्रश्न तेथें न्यावा कीं नाहीं, असा संकोच नको. धनंजयराव गाडगीळांनीं केंब्रिजला प्रबंध लिहिला तो हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवर, आणि १९२४ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. अर्थात् अशी वही अर्जाच्या आदल्या महिन्यांत भरतां येत नाहीं. अकरावीच्या प्रारंभींच ती उघडावी लागते.

दुसरा कागद शाळेच्या शिफारसपत्राचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असा शेरा मारण्याची संवय असलेले आपले शिक्षक येथेंही मुलगा नम्र व आज्ञाधारक असल्याचें लिहितात, आणि त्याचें नुकसान करतात. अध्यापकांना हवें असतें तें हें: वर्गांत त्यानें कोणता प्रश्न विचारला, कोणतें उदाहरण निराळ्या रीतीनें सोडविलें. बारावीचा निकाल लागण्यापूर्वींच अर्ज जात असल्यानें अपेक्षित गुणही शाळेनेंच कळवावयाचे असतात. शिवाय सर्व बोर्डांच्या परीक्षांना सारखी मान्यता नाहीं; ती विद्यापीठाकडून अगोदर खात्रीनें समजून घ्यावी.

पुष्कळ विषयांना वेगळी लेखी परीक्षा असते. तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडविणें एवढाच तिच्यावर उपाय. मुलाखती डिसेंबरांत होतात, परदेशी उमेदवारांच्या बहुधा संगणकाच्या पडद्यावर. तेथें मराठी मुलांची खरी अडचण होते. वडीलधाऱ्यांसमोर उलट बोलूं नये, पक्कें उत्तर येत असेल तरच तोंड उघडावें, हें वळण त्यांना घरींदारीं लागलेलें असतें. मुलाखत घेणारा मुद्दाम अनोळखी कोडें घालतो, मध्येंच एखादी खूण देतो, आणि ती खूण घेऊन मुलगा आपला विचार कसा बदलतो तें पाहतो. गप्प बसलेल्या मुलाचा विचार त्याला दिसणार कसा? 'रँग्लर' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच वाद घालणारा असा आहे. घरांत जेवतांना आईबापांनीं मुलाला 'असें कां म्हणतोस?' म्हणून विचारावें आणि त्याचें उत्तर पुरें होऊं द्यावें. ही तालीम कोणत्याही महागड्या शिकवणीहून सरस ठरते.

खर्चाचा विचार मात्र भिडेखातर पुढें ढकलूं नये. परदेशी विद्यार्थ्याची फी तेथील विद्यार्थ्याच्या कित्येक पट असते, आणि पदवीच्या अभ्यासासाठीं शिष्यवृत्त्या थोड्या. आंबेडकरांना १९१३ सालीं बडोदें सरकारची शिष्यवृत्ति मिळाली ती कोलंबियांतील पदव्युत्तर अभ्यासासाठीं. आजही मोठ्या शिष्यवृत्त्यांचा ओघ पदवीनंतरच्या शिक्षणाकडेच आहे. घर गहाण टाकून पदवी घ्यावी, कीं येथें पदवी घेऊन मग तिकडे जावें, याचा निर्णय अर्जापूर्वींच व्हावा, नाहींतर प्रवेश मिळालेल्या मुलाला नकार लिहावा लागतो.

या दोन विद्यापीठांसाठीं अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरला ब्रिटनमधील सायंकाळीं सहा वाजतां संपते. भारतांत तेव्हां रात्रीचे साडेदहा झालेले असतात. शिफारसपत्र जोडल्यावांचून अर्ज पुढें सरकत नाहीं, आणि त्या दिवसांत शाळांतून सहामाही परीक्षेची धांदल असते. म्हणून शिक्षकांच्या हातीं कागद द्यावयाचे ते गणपतीपूर्वीं.