सूर्यमालेचा पहिला दगड : स्वागताध्यक्षांचे भाषण

 

आपल्या बिदरचा लाल जांभा म्हणजे झिजलेला दख्खनचा लाव्हा. किल्ल्याच्या भिंती त्याच्याच, आणि बिदरी भांड्याला काळेभोर रूप देते तीही किल्ल्यातलीच माती. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मराठी घरोघरी घातलेली शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातली. ती त्याहून कितीतरी जुनी. तरीही सूर्यमालेचा आरंभ या दगडांत सापडत नाही. पृथ्वीवर सगळंच वितळलं, झिजलं, पुन्हा घडलं. त्या आरंभाचा साक्षीदार आकाशातूनच यावा लागतो.

८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोत आयेंदे गावाच्या परिसरात असा अशनी कोसळला. दोन टनांहून जास्त तुकडे मिळाले. तुकडा कापला की काळपट दगडात पांढरट ठिपके दिसतात. त्यांत कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर. कोवळ्या सूर्याभोवतीचा तप्त वायू निवताना सर्वांत आधी घट्ट झाले ते हे कण. एफ्रेमोव्हका नावाच्या अशनीतल्या अशाच कणांचं वय २०१२ साली ४५६.७३ कोटी वर्षं निघालं, तेही दोन लाख वर्षांहून कमी फरकानं!

हे जमतं युरेनियममुळे. त्याचा एक प्रकार निम्मा व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, दुसऱ्याला ७० कोटी. दोघांपासून वेगवेगळं शिसं तयार होतं आणि त्या दोन शिशांच्या प्रमाणावरून वय कळतं. हेच युरेनियम आपल्या शेजारी, यादगीर जिल्ह्यातल्या गोगीच्या खडकातही आहे.

सूर्यमालेच्या आरंभाच्या या शोधात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. २० जून १९९६ रोजी राजस्थानात पिपलिया कलां इथे पडलेल्या अशनीत अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांना अल्पायुषी अ‍ॅल्युमिनियम-२६ च्या खुणा सापडल्या. चिमुकले ग्रह इतक्या लवकर वितळले कसे, याचं उत्तर त्याच्या किरणोत्सारी ऱ्हासातून निघणाऱ्या उष्णतेत मिळालं.

२२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला भरदिवसा अशनी पडला. उद्या आपल्या तुरीच्या शेतातही पडू शकेल. काळं, जळकं कवच असलेला जड दगड पडताना दिसला, तर तो फोडू नका, धुऊ नका, विकू नका. जागेचा फोटो काढा, कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवा आणि लगेच तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.