खामचा काठ आणि खामचे पाणी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



छत्रपती संभाजीनगरात छावणीच्या लोखंडी पुलावरून खाली पाहिले असता पूर्वी काय दिसत होते, हे शहरातल्या कोणाही प्रौढ माणसाला सांगावे लागत नाही. बांधकामाचा राडारोडा, प्लास्टिकचे ढीग आणि त्यांतून वाट काढणारा काळा ओघळ. खाम ही नदी आहे याचा शहराला विसर पडला होता. बोलण्यात ती नाला झाली होती. २०२१च्या सुमारास महानगरपालिका, छावणी परिषद, व्हॅरॉक उद्योगसमूहाचा सामाजिक निधी आणि इकोसत्व ही संस्था यांनी मिळून नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. राडारोडा उचलला गेला, पात्र मोकळे झाले, काठावर झाडे लागली, पायवाटा आल्या, भिंती रंगल्या. दर शनिवारी सकाळी नागरिक हातमोजे घालून पात्रात उतरू लागले. या कामाचे नाव वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या २०२३-२४च्या जागतिक पारितोषिकासाठी निवडलेल्या अंतिम पाच कामांत आले.

हे काम खोटे नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. सरकार जे करील त्याला नाक मुरडणे म्हणजे विरोधी राजकारण, असा एक आळशी समज पुरोगामी वर्तुळात आहे. ज्या शहरात २०१८च्या फेब्रुवारीत नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्यावर महिनोन्‌महिने कचरा रस्त्यावर कुजत पडला, मिटमिट्याला कचऱ्यावरून दगडफेक व लाठीमार झाला, त्या शहरात नदीच्या पात्रातून कचरा बाहेर निघाला ही लहान गोष्ट नाही. प्रश्न वेगळा आहे. काठावरचे काम किती पुढे गेले, याची मोजणी कोणी करावयाची आणि कोणत्या मापाने?

आज ती मोजणी काठावरून होते. पायवाट किती मीटर झाली, झाडे किती लावली, बाके किती बसवली, दिवे किती लागले. ठेकेदाराचे देयक याच मापाने निघते, अधिकाऱ्याचा अहवाल याच मापाने लिहिला जातो, आणि वृत्तपत्रातले छायाचित्र तर दुसरे काही टिपूच शकत नाही. पाणी मात्र या मोजणीत कोठेच नसते. नदीवरच्या उद्यानाची प्रगती सांगताना नदीच वगळली जाते, याचे कोणाला नवल वाटत नाही, हेच खरे नवल.

खामच्या पाण्याची हकिकत साधी आहे आणि ती शहरातल्या प्रत्येक घराला लागू आहे. जटवाड्याकडच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी हर्सूलहून येते, बेगमपुरा, पाणचक्की, नागसेनवन, छावणी असे शहराच्या पश्चिम अंगाने उतरते, वाळूजच्या बाजूने पुढे जाते आणि शेवटी गोदावरीला, म्हणजे पैठणच्या नाथसागराला मिळते. १९७६ साली ज्याचे उद्घाटन झाले तो जायकवाडीचा जलाशय हाच. या शहराला पिण्याचे पाणी येते तेही तेथूनच, चाळीसएक किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीतून, विजेचे प्रचंड बिल भरून, चढावर ढकलत. म्हणजे शहर नाथसागराचे पाणी वर ओढते, वापरते, घाण करते आणि खामच्या हाती देऊन पुन्हा नाथसागरात धाडते. मधल्या वाटेवर जी गावे आहेत, त्यांच्या विहिरी, त्यांची जनावरे, त्यांचा भाजीपाला या परतीच्या प्रवासात सापडतो. लोखंडी पुलाजवळच्या हिरवळीवरून हा फेरा दिसत नाही, कारण तो तेथे पूर्ण होत नाही. तो वाळूजच्या पुढे पूर्ण होतो.

म्हणून खामच्या कामाचा खरा मुक्काम कांचनवाडीला आहे. भूमिगत गटार योजनेत तेथे दिवसाला १६१ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचे केंद्र उभे राहिले. पण केंद्राची क्षमता आणि केंद्रात पोहोचणारे पाणी या दोन भिन्न गोष्टी होत. ज्या वस्तीची मोरी अजून नाल्यात सुटते, त्या वस्तीचे पाणी कांचनवाडीला जात नाही, खामला जाते. जुन्या शहरातल्या गल्ल्या, गुंठेवारीतल्या वसाहती, ज्यांचे रस्तेच कागदावर नाहीत तेथे गटाराची जोडणी कशी होणार? उद्यानाचे एक बाक बसवायला अर्धा दिवस पुरतो. शंभर घरांच्या मोऱ्या मुख्य वाहिनीला जोडायला रस्ता खोदावा लागतो, भांडणे मिटवावी लागतात, आणि शेवटी काम जमिनीखाली गाडले जाते. त्यावर फीत कापता येत नाही. राज्यकर्त्यांना काठ का आवडतो आणि वाहिनी का आवडत नाही, याचे उत्तर शोधायला फार तत्त्वज्ञान लागत नाही.

या शहराच्या संस्थापकाने क्रम उलटा ठेवला होता. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली आणि पाठोपाठ डोंगराच्या पायथ्याचे भूजल भुयारी नहरींनी शहरात आणले. नहर-ए-अंबरीनंतर अशा अनेक नहरी झाल्या. पाणचक्कीला पाणी येते ते अशाच एका नहरीतून. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे, दर्ग्यातल्या फकिरांचे व प्रवाशांचे दळण निघे, आणि मगच ते पाणी हौदात पडे, ज्याच्या काठी आज पर्यटक छायाचित्रे काढतात. सरंजामी काळातले हे बांधकाम. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण आधी पाणी, मग बाग, एवढे व्यवहारज्ञान त्या सरंजामशाहीला होते. चारशे वर्षांनंतर लोकशाहीतल्या महापालिकेने पाण्याआधी बाग करावी, आणि नळाला मात्र आठवडा-आठवडा पाणी येऊ नये, ही तुलना कटू असली तरी टाळता येत नाही. नळयोजनेचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. २०१४ साली शहराचे पाणी ‘समांतर’च्या नावाने खासगी कंपनीच्या हवाली केले गेले, लोकांनी वाढीव पट्टी पाहिली, पाणी पाहिले नाही, २०१६ साली तो करार मोडावा लागला. २०२० साली १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले आणि पुढे तिचा खर्च २,७०० कोटींच्या वर गेला. खामच्या काठावर फिरायला येणारी बाई घरी परतून आठवड्याच्या पाण्याची भांडी मोजते, हे चित्र उद्यानाच्या कोणत्याही माहितीपत्रकात नाही.

दुसरीकडच्या काठांचा अनुभव काय सांगतो? अहमदाबादेत साबरमतीच्या काठासाठी १९९७ साली स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. दोन्ही तीरांवर काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि भिंतींमधले पाणी? ते नर्मदेच्या कालव्यातून आणून भरावे लागले. काठावर राहणाऱ्या दहा हजारांहून अधिक कुटुंबांना तेथून उठावे लागले. साबरमती नागरिक अधिकार मंचाने २००५ साली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कोठे त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कागदावर आला. घरे मिळाली ती बहुतेकांना कामाच्या ठिकाणापासून कित्येक किलोमीटर दूर. ज्या बायका काठावरून चालत घरकामाला जात, त्यांच्या मजुरीतला केवढा भाग आता बसभाड्यात जातो, हा हिशेब त्या कंपनीच्या ताळेबंदात येत नाही. एवढे होऊन २०२१ साली त्याच नदीच्या प्रदूषणाची गुजरात उच्च न्यायालयाला आपणहून दखल घ्यावी लागली. भिंतीला पाणी लागले, पण पाण्याला औषध लागले नाही.

पुण्याची गोष्ट जवळची. मुळा-मुठेत सांडपाणी जाऊ नये म्हणून ११ शुद्धीकरण केंद्रांसाठी जपानी कर्जाचा करार २०१६ साली झाला. केंद्रे रखडली. मार्च २०२२मध्ये त्या केंद्रांची आणि ४४ किलोमीटर काठसुधारणेच्या पहिल्या टप्प्याची पायाभरणी एकाच दिवशी झाली. सहा वर्षे मागे राहिलेले काम आणि नुकतेच जन्मलेले काम एका व्यासपीठावर बसवले, की मागे राहिलेल्याची लाज झाकली जाते. पुढच्या वर्षी काठावरची झाडे तोडण्याविरुद्ध पुणेकर रस्त्यावर आले ते योग्यच झाले. पण त्या लढ्यात झोपडीत राहणारा पुणेकर किती होता, हा प्रश्न चळवळीने स्वतःला विचारायला हरकत नाही.

कारण काठाचा प्रश्न अखेर जमिनीचा प्रश्न असतो. नदी घाण होती तोपर्यंत तिच्या काठी कोणालाही राहू दिले जात होते. उलट, दुसरीकडे जागा नाही म्हणून जो आला त्याला तेथेच ढकलले जात होते. नदी स्वच्छ होऊ लागली की त्या जागेला भाव येतो, आणि मग पूररेषा आठवते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही आवश्यक आहेत. पुरात माणसे वाहून जावीत असे कोणीही म्हणणार नाही. पण रेषा एकच असावी. निळ्या रेषेच्या आतली झोपडी अतिक्रमण ठरते आणि त्याच रेषेच्या आतले लॉन, मंगल कार्यालय किंवा उद्यानाचा काँक्रीटचा कठडा विकास ठरतो, तेव्हा पाण्याचा नियम संपून मालमत्तेचा नियम सुरू होतो. पुराला हा फरक कळत नाही. २६ जुलै २००५ रोजी मिठीने मुंबईला तो धडा दिलाच आहे. २०२५च्या जून-जुलैत या शहरात रस्तारुंदीकरणासाठी हजारो बांधकामे पाडली गेली. यंत्र आणि बंदोबस्त किती वेगाने उभे राहतात, हे लोकांनी पाहिले. काठाच्या कामासाठी घरे हलवायची वेळ येईल तेव्हा आधी घर, मग पाडकाम, आणि घर रोजगाराच्या टप्प्यात, ही मागणी पक्षाने यंत्र येण्यापूर्वी लेखी नोंदवलेली असली पाहिजे. बाबा आढावांनी धरणग्रस्तांच्या परिषदांतून हाच क्रम मांडला होता. धरणाच्या जागी उद्यान आले म्हणून क्रम बदलत नाही.

समाजवादी पक्षाला नदीचा प्रश्न नवा नाही. १९५८ साली डॉ. राममनोहर लोहियांनी बनारसमध्ये नद्या स्वच्छ करण्याचा कार्यक्रम मांडला. शहरांचे आणि कारखान्यांचे घाण पाणी नदीत न सोडता दूर शेतांकडे न्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याला तेव्हाच्या पुढाऱ्यांनी विक्षिप्तपणा म्हटले असेल. पुढे १९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा होऊन तोच विक्षिप्तपणा देशाचा कायदा झाला. महाडच्या चवदार तळ्यापासून ‘एक गाव, एक पाणवठा’पर्यंत महाराष्ट्रातल्या समतेच्या लढ्यांनी पाण्यावरचा हक्क मागितला. तो हक्क पाणवठ्यावर जाण्याचा होता. पाणवठा विषारी निघाला तर तो हक्क कशाचा उरतो? काठाचे सौंदर्य हा मध्यमवर्गाचा विषय आणि पाण्याचा हक्क हा कष्टकऱ्यांचा, अशी वाटणी करणारे कार्यकर्ते खामकडे पाठ फिरवतात. ही वाटणी चुकीची आहे. मोकळी हवा, सावली, संध्याकाळी मुलांना घेऊन बसायला तिकिटाशिवाय जागा, यांची गरज दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यालाच अधिक आहे. मागणी उद्यान नको अशी नसावी. उद्यान फुकट असावे, कुंपणाविना असावे, आणि त्यातल्या नदीत नदीचे पाणी असावे.

आता मोजणी कोणी करावयाची, या मूळ प्रश्नाकडे यावे. एप्रिल २०२०मध्ये महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ या शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. खामचे काम घडले ते याच काळात. प्रशासक कार्यक्षम असेल. पण कोणत्या मोहल्ल्याचे गटार आधी जोडायचे आणि कोणत्या काठाचा दिवा नंतर लावायचा, हा प्राधान्याचा निर्णय आहे, आणि प्राधान्य ठरवणे हे राजकारण आहे, अभियांत्रिकी नव्हे. ते सभागृहात, नगरसेवकाला जाब विचारत व्हावयास हवे होते. निवडून आलेले सभागृह असले तरी पुरेसे नाही, हाही अनुभव आहे. महाराष्ट्रात २००९ साली शहरांसाठी क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात आली. मतदान केंद्राच्या पातळीवर नागरिकांनी बसून कामांचा क्रम सुचवावा, असा तिचा आशय. कायदा पुस्तकात आहे, सभा कोठेच भरत नाहीत. कोणत्याही पक्षाला त्या नको असतात. आपला पक्षही त्यासाठी आजवर हट्टाने बसलेला नाही.

तेव्हा काम असे. शनिवारच्या स्वच्छतेला कार्यकर्त्यांनी जावे, पण हातमोज्यांबरोबर वही न्यावी. पात्रात उतरणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराला किमान वेतन, गमबूट आणि विमा मिळतो की नाही, हे त्या वहीत पहिले लिहावे. छायाचित्रात तो सहसा नसतो. माहितीच्या अधिकारात कांचनवाडीच्या केंद्रात दररोज प्रत्यक्ष किती सांडपाणी पोहोचते आणि बाहेर पडताना त्याची तपासणी काय सांगते, याचे मासिक आकडे मागवावेत. प्रत्येक प्रभागात किती घरांची मोरी मुख्य वाहिनीला जोडली आणि किती राहिली, याची यादी चावडीवर लावण्याची मागणी करावी. आणि महिन्यातून एकदा हर्सूलखाली, लोखंडी पुलाखाली, कांचनवाडीच्या निचऱ्यापाशी आणि वाळूजच्या पुलाखाली बाटलीत पाणी भरून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत न्यावे. आंघोळीसाठी योग्य म्हणावयाच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम लागतो आणि जैविक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. हे दोन आकडे शाळेतल्या मुलालाही समजतात. वाळूजच्या शेतकऱ्यांना सोबत घ्यावे. शहराच्या कोणत्याही बैठकीला आजवर त्यांना बोलावलेले नाही, आणि घाण सगळी त्यांच्या बांधावरून जाते.

पहिली बाटली वाळूजच्या पुलाखालची भरावी. लोखंडी पुलाखालचे पाणी पाहायला पाहुणे येतातच.