नाव सापडलं नाही, म्हणजे घर गेलं नाही
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला ‘घरातलं इंटरनेट’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. मी निवृत्त विज्ञान शिक्षक, कॉम्प्युटरचा इंजिनिअर नव्हे. त्यामुळे व्याख्यान देत नाही, गेल्या महिन्यात आमच्या घरी घडलेला प्रसंग सांगतो.

आपल्या स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करण्याचं काम माझ्याकडे आलं, हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या टीव्हीखाली एक छोटा कॉम्प्युटर चोवीस तास चालू असतो, त्याला हार्ड डिस्क जोडलेली आहे. मी त्याचं नाव ठेवलंय ‘फडताळ’. लॅपटॉपवर हे नाव टाकलं की फोटो उघडतात. २५ वर्षांचे फोटो त्यात स्कॅन करून ठेवले होते. त्यातच भूमिपूजनाचा तो एकमेव फोटो, ज्यात आपले पहिले सचिव कुदळ हातात घेऊन उभे आहेत. मूळ अल्बम गच्चीच्या गळतीत भिजून गेला. गळतीबद्दल मी अधिक बोलत नाही, तो वार्षिक सभेचा विषय आहे! पण सचिव आज आपल्यात नाहीत, आणि त्यांच्या घरच्या वहिनींना मी शब्द दिला होता की तो फोटो पहिल्या पानावर येईल.

एका रात्री पावसात वीज कडाडली आणि आमचा राउटर जळाला. दुसऱ्या दिवशी नवा आणला, इंटरनेट सुरू झालं. पण ‘फडताळ’ काही उघडेना. लॅपटॉप म्हणे, सर्व्हर प्रतिसाद देत नाही. पुण्याहून आलेल्या मुलाच्या मोबाइलवर तर असं नावच सापडत नाही म्हणे. मुलगा म्हणाला, “बाबा, डिस्क गेली असणार. सगळं पुसून नव्याने टाकू.” माझ्या पोटात गोळा आला. सौ. म्हणाली, “अहो, पुसायचं नंतर बघा. आधी ते आहे की नाही ते तरी बघा.” तिचं वाक्य मी आज तुम्हाला सूत्र म्हणून देतो.

मंडळी, नाव वेगळं आणि पत्ता वेगळा. नाव माणसांसाठी, आकडा यंत्रासाठी. आपल्या गावाचंच बघा. १४९० साली अहमद निजामशाहाने वसवलं म्हणून अहमदनगर, २०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर, आणि एसटीत बसताना आपण म्हणतो नुसतं ‘नगर’. नावं तीन, गाव एकच. पाकिटावर यातलं कुठलंही नाव असू द्या, खाली ४१४ ने सुरू होणारा पिनकोड बरोबर असला की पत्र येतं. नाव बदललं म्हणून सावेडी जागची हलली नाही.

कॉम्प्युटरचंही तसंच. सुरुवातीला, १९७० च्या दशकात, अमेरिकेतल्या अर्पानेटवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि आकडे एकाच यादीत लिहिलेले असत, आणि प्रत्येक जण ती यादी उतरवून घेई. यादी वाढत गेली, आवरेना. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. म्हणजे जणू चौकशीची खिडकी. नाव सांगा, आकडा मिळेल. पण गंमत अशी की ती जुनी यादी अजून प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये ‘होस्ट्स’ नावाच्या फाइलच्या रूपात आहे, आणि सहसा खिडकीवर जाण्याआधी कॉम्प्युटर तीच बघतो.

आता तपास कसा केला ते सांगतो. पहिली पायरी, यंत्र जिवंत आहे का? दिवा लागलेला होता. नव्या राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिच्यात फडताळ दिसलं. पण आकडा होता १९२.१६८.१.३७. पूर्वी तो शेवटी २० असायचा. दुसरी पायरी, नाव बाजूला ठेवून नुसता आकडा टाकला. सगळे फोटो समोर! कुदळ घेतलेले सचिवही. मंडळी, त्या क्षणी निम्मं दुखणं गेलं. वस्तू शाबूत होती, फक्त पत्ता चुकत होता.

तिसरी पायरी, लॅपटॉपवर नावाला पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली. तो जुन्या २० नंबरच्या दारात जाऊन उभा, आणि तिथे कोणीच नाही. हा जुना आकडा त्याला सांगतंय कोण? होस्ट्स फाइल उघडली, तर चार वर्षांपूर्वी मीच लिहिलेली ओळ! ती काढली, लॅपटॉपची तात्पुरती आठवण, म्हणजे कॅश, पुसली, आणि त्याने राउटरला विचारून बरोबर दार गाठलं.

मोबाइल मात्र अजून अडलेला. त्याचं कारण निराळं. मुलाने जाहिराती नकोत म्हणून ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये बाहेरचा पत्ता भरला होता. बाहेरच्या खिडकीवर आमच्या टीव्हीखालच्या फडताळाची नोंद असणार कशी? सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ केलं, काम झालं. शेवटी राउटरमध्ये फडताळाचा आकडा राखून ठेवला, म्हणजे वीज गेली-आली तरी तो बदलणार नाही. तक्रार एकच दिसत होती, कारणं दोन होती. एक सापडलं म्हणून थांबलो असतो तर मुलगा अजून माझ्याशी वाद घालत बसला असता.

त्याच रात्री सगळ्या फोटोंची दुसरी प्रत करून मी कमिटीकडे दिली. कारण या वेळी पत्ताच चुकला होता, पुढच्या वेळी डिस्क खरोखर जाऊ शकते.

शेवटी एकच विनंती. ती ओळ मीच लिहिली होती आणि मीच विसरलो होतो. आपल्या सोसायटीतही असं बरंच आहे. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या विंगचा, जुनी पाइपलाइन कुठून गेली, हे पहिल्या सचिवांना तोंडपाठ होतं. ते गेले, आणि गेल्या उन्हाळ्यात आपण दोन दिवस फरशी फोडत बसलो. पाइप जागेवरच होता, सांगणारं कोणी नव्हतं. तेव्हा ज्याला जे माहीत आहे ते त्याने रजिस्टरमध्ये लिहावं, तारीख घालावी, आणि बदललं की जुनी ओळ खोडावी. पुढच्या २५ वर्षांसाठी एवढं केलं तरी पुष्कळ.

वहिनी, फोटो पहिल्या पानावर आहे.

गणपती बाप्पा मोरया!