वाट राखण्याचं काम



साहित्याच्या व्याख्यानमालेत माझ्यासारख्या हिशेब लिहिणाऱ्या माणसाला बोलावलं, याचं तुमच्याइतकंच मलाही नवल वाटतं आहे. मी कधी कथा लिहिली नाही, कविता तर नाहीच. आयुष्यभर कापडाच्या पेढीवर रोजमेळ आणि खतावणी लिहिली. आणि सोळा वर्षं, डोंगरातली एक पायवाट राखणाऱ्या आमच्या लहानशा मंडळाचा खजिनदार होतो. त्या दुसऱ्या कामाबद्दल बोलायला मला सांगितलं आहे.

आपण पलसाण्याची माणसं चोकडीवर राहतो. मुंबईहून दिल्लीकडे जाणारा महामार्ग आणि हजीऱ्याहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात. रस्त्याला खड्डा पडला की कुणाच्या नावानं ओरडायचं, हे आपल्याला ठाऊक असतं. पायवाटेचं तसं नसतं. ती सगळ्यांची असते, म्हणून ती बिघडली तरी कुणाचंच काही बिघडत नाही.

आमची वाट साल्हेरची. इथून बारडोली, व्यारा करत डांगात शिरलं आणि आहव्याच्या पुढे गेलं की सीमेपलीकडे बागलाण लागतं. साल्हेरची उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. माथ्यावर परशुरामाचं मंदिर आहे. १६७० मध्ये सुरतेहून परतताना महाराजांची फौज बागलाणातूनच गेली, पुढे १६७१ च्या आरंभी साल्हेर स्वराज्यात आला आणि १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांशी उघड्या मैदानात लढाई जिंकली. सुरत जिल्ह्यात बसून हा इतिहास सांगताना आपण आवाज जरा खाली घेतो, हे मला माहीत आहे. शेजाऱ्याच्या घरी तोच इतिहास दुसऱ्या बाजूनं सांगितला जातो. तरी आपल्यातल्या ज्यांचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत नवसारी प्रांतात आले, त्यांना त्या डोंगराची ओढ वाटल्याशिवाय राहत नाही. १९४९ मध्ये बडोदा राज्य मुंबईत विलीन झालं, १९६० मध्ये सीमा आखली गेली. आपण इकडे राहिलो, साल्हेर तिकडे.

तर आम्ही अकरा जण. कुणी शिक्षक, कुणी बँकेतला, एक दवाखान्यातली परिचारिका, दोघे जरीच्या धंद्यातले. वर्षातून चार वेळा जायचं आणि पायथ्यापासून पहिल्या दरवाजापर्यंतची वाट साफ ठेवायची. किल्ला संरक्षित आहे. तिथला दगड हलवायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी, खाली झाडी तोडायची तर वनखात्याची. म्हणून आमचं काम अगदी साधं: वाटेवर आलेली काटेरी झुडपं छाटणं, प्लास्टिक वेचणं, सुटे झालेले धोंडे बाजूला करणं आणि पाणी वळवणं.

पाणी वळवणं, यातच सगळं आलं. वाट माणसांच्या पायांनी फारशी बिघडत नाही, पाण्यानं बिघडते. पावसाचं पाणी उतार धरून वाटेवरूनच धावायला लागलं की एका पावसाळ्यात तिची घळ होते. मग लोक घळीच्या कडेनं चालतात, तिथलं गवत मरतं, माती सुटते, नवी घळ पडते. उपाय जुना आहे. वीस-पंचवीस पावलांवर वाटेला तिरपी चर मारायची, खालच्या अंगाला दगडांची ओळ बसवायची, म्हणजे पाणी वाट सोडून रानात उतरतं. मात्र ही चर दर पावसाळ्यात गाळानं भरते. ज्येष्ठात उपसावी लागते, दसऱ्यानंतर पुन्हा बघावी लागते. हे काम कधी संपत नाही, आणि नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

मंडळ काढणं सोपं असतं. नोंदणी केली, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली क्रमांक मिळाला, शिक्का झाला. पहिल्या वर्षी चाळीस माणसं आली. दुसऱ्या वर्षी सतरा. तिसऱ्या वर्षी आम्ही अकरा उरलो. पहिल्या वर्षी माणूस किल्ल्यासाठी येतो. चौथ्या वर्षी तीच चर चौथ्यांदा उपसायला जो येतो, त्याच्यावर मंडळ चालतं.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून मी आज उभा आहे, ती सांगतो.

एका वर्षी जुलैत आमच्यातल्या शिक्षकानं सांगितलं, की खिंडीच्या खालच्या वळणावरचा मोठा धोंडा पायाखाली डुलतो. पहार घेऊन चार माणसं गेली तर तासाभराचं काम. जाण्यायेण्याच्या गाडीचा खर्च साडेसहा हजार. शिल्लक होती अठरा हजार. पण त्याच वर्षी मंडळाला दहा वर्षं पूर्ण होत होती आणि पायथ्याला फलक लावायचं ठरलं होतं. मी खजिनदार. म्हणालो, दोन फेऱ्यांचा खर्च झेपणार नाही. आधी फलक लावू, धोंड्याचं दसऱ्यानंतर बघू. कुणी हरकत घेतली नाही. फलक उभा राहिला. त्यावर अकरा नावं होती, माझं चौथं.

दसऱ्यानंतरची फेरी कुणाच्या तरी घरच्या लग्नामुळे पुढे गेली. नोव्हेंबरात कॉलेजची मुलं चढत होती. एकाचा पाय त्याच धोंड्यावर पडला. मांडीचं हाड मोडलं. गावातल्या सहा जणांनी त्याला झोळीत घालून चार तासांत खाली आणलं.

महिन्याभरानं मुलाचे वडील मला भेटायला आले. आवाज चढवला नाही. चहा घेतला आणि एवढंच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं का?" मी म्हणालो, "नोंद बघावी लागेल." श्रोतेहो, नोंद नव्हतीच. शिक्षकानं तोंडी सांगितलं होतं आणि मला ते शब्दन् शब्द आठवत होतं. त्यांनी मान डोलावली आणि ते निघून गेले. मुलगा आता चालतो, थोडा लंगडतो. त्यांच्याकडे जाऊन खरं सांगायला मला दोन वर्षं लागली.

त्यानंतर आम्ही वाटवही सुरू केली. साधी शंभर पानी वही. कोण गेलं, कुठे काय मोडलं दिसलं, कुणाला सांगितलं, कधी दुरुस्त झालं. शेवटचा रकाना रिकामा असेपर्यंत मंडळाचा एक पैसाही दुसरीकडे खर्च होत नाही. हा नियम मी मांडला, आणि मीच मांडायला हवा होता.

दुसरी गोष्ट आम्ही वारीकडून उचलली. हैबतरावबाबा आरफळकरांनी घालून दिलेल्या आळंदीच्या पालखीत मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतो आणि लाखाचा समुदाय क्षणात शांत होतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ वाजतच राहतात. तक्रार ऐकून घेतल्यावरच ते थांबतात. आमच्या बैठकीत आता पहिला विषय असतो, 'कुणाचे टाळ वाजताहेत?' धोंड्याचं सांगणारा तो शिक्षक त्या दिवशी गप्प बसला होता, कारण टाळ वाजवायची सोयच आम्ही ठेवली नव्हती.

तिसरी गोष्ट फार दुरून आली. माझा भाचा नोकरीनिमित्त नॉर्वेत असतो. एका फेब्रुवारीत त्याच्याकडे राहिलो. तिथे घरामागच्या रानात बर्फात दोन समांतर चाकोऱ्या उमटवलेल्या असतात, त्यांत लांब पट्ट्या सरकवत लहानथोर मैलोन् मैल जातात. नवा बर्फ पडला की चाकोरी बुजते आणि पुन्हा यंत्र फिरवून उमटवावी लागते. म्हणजे आमचा पावसाळा त्यांच्याकडे दर आठवड्याला येतो! भाच्याचा शेजारी बँकेत अधिकारी. पानगळीच्या दिवसांत तो करवत घेऊन त्याच वाटांवरची झुडपं कापायला जातो, पगार न घेता. अशा मिळून करायच्या कामाला ते 'दुग्नाद' म्हणतात. मी त्याला आपली इर्जिक समजावून सांगितली: एकाच्या शेतात साऱ्या गावाचे बैल आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवण. तो खूश झाला. त्या देशात १८६८ पासून चालत आलेली पदयात्रींची एक संघटना आहे. उन्हाळ्यातल्या सुमारे २२,००० किलोमीटर वाटांवर तिची लाल 'टी'ची खूण असते आणि ती खूण रंगवायला सभासदच जातात. मी त्या शेजाऱ्याला विचारलं, तुमच्या गटाचा मुख्य कोण? त्याला आठवावं लागलं. म्हणाला, पाळीनं बदलतो. यंदा बहुतेक ती कोपऱ्यावरची बाई.

ते ऐकून मी परत आलो आणि खजिनदारकी सोडली. सोळा वर्षं एकच माणूस वह्या सांभाळतो, याला आपण निष्ठा म्हणतो. खरं तर आमच्या मंडळात दुसऱ्या कुणाला ताळेबंद मांडता येत नव्हता, कारण मी कुणाला शिकवलाच नव्हता. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत फेरफार अर्ज करायचा असतो, हेसुद्धा माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आता परिचारिकाबाईंची मुलगी हिशेब बघते. पहिल्या वर्षी तिनं माझ्या जुन्या वहीतली बेरजेची चूक काढून दाखवली. बरं वाटलं.

२०२५ च्या जुलैत साल्हेरसह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आनंद आहे. आता गर्दी वाढेल, फलकही वाढतील. गाळ मात्र तेवढाच भरणार आहे.

आता जरा तुमच्याकडे बघून बोलतो. आज सतरंज्या कुणी घातल्या, ते मी दारात उभा राहून पाहिलं. मागच्या खेपेला मी श्रोता म्हणून आलो तेव्हाही त्याच तिघांनी घातल्या होत्या, आणि तिघांचीही सत्तरी उलटली आहे. तुमच्या ग्रंथालयाची नोंदवही कुणाच्या हातात आहे आणि ती उद्या कोण घेणार, हे तुम्हीच एकमेकांना विचारा. मी पाहुणा आहे. नावं घेत नाही.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी पहाटे चार वाजता आमची गाडी चोकडीवरून सुटते. कोयता आणि हातमोजे आमच्याकडे आहेत, पाणी आणि भाकरी तुमची. साल्हेरवाडीत जेवायचं असेल तर आधी कळवा. तिथल्या माऊलीला पैसे देऊनच आपण जेवतो. चौदा जागा आहेत, नऊ भरल्या आहेत.