शोध पुरे, आता वाटणीचे बोलू



थेट खडकाकडे वळतो.

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसॉल्टचा आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी थांबत नाही. ते थांबते वरच्या मुरमात, सांधे-भेगांत आणि मांजऱ्या (बुडबुड्यांच्या पोकळ्यांच्या) खडकात, आणि तिथेही थोडेच. पाण्याने भरलेला शंभर घनमीटर खडक उपसला, तर हाती साधारण एक ते तीन घनमीटर पाणी लागते. गंगेच्या गाळाच्या मैदानाचे हिशेब इथे चालत नाहीत. आपली तिजोरी उथळ आहे. पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यापर्यंत रिकामी होते. सहाशे फुटांवर वेगळा समुद्र नसतो. खोल बोअरला लागलेले पाणी अनेकदा शेजाऱ्याच्या विहिरीकडचेच असते.

१९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधनविहिरी आल्या त्या तहान भागवायला. पुढे तेच यंत्र उसाच्या आणि फळबागांच्या बांधावर गेले. कायद्याचा आधार होताच: १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासून ज्याची जमीन, त्याला तिच्या पोटातले पाणी उपसायचा हक्क. पाण्याला मात्र सातबारा कळत नाही. २००९चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४मध्ये लागू झाला, शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना त्याने मनाई केली. बोअरची रिग मात्र रात्री गावात शिरते आणि उजाडेपर्यंत दोनशे मीटर भोक पाडून पुढच्या गावी पोचते. हे या सभागृहात कुणाला सांगायला नको.

आपण बंधारे मोजतो, चर मोजतो, गाळ किती ब्रास काढला तेही मोजतो. उपसा मोजत नाही. प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी घ्या. पावसाचे पाणी साठवायला ती मांडली होती. कित्येक ठिकाणी ती बोअरने भरली जातात आणि जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी आपण चैत्र-वैशाखात उन्हात वाळत घालतो. वर त्याला अनुदान! साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना आता वीज मोफत आहे. कोरडवाहू माणसाची ओढाताण पाहिलेला मी त्यावर बोट ठेवणार नाही. बिल माफ करा, पण मीटर काढू नका.

पाणी पंचायतीचे विलासराव साळुंखे यांचे नाव प्रत्येक जलपरिषदेत घेतले जाते; मीही आत्ता घेतले. त्यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला बांधलेल्या नियमांची मात्र फारशी आठवण निघत नाही. माणशी अर्धा एकर भिजेल एवढेच पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. यातला भूमिहीनाचा वाटा मला सगळ्यात धाडसी वाटतो, कारण त्याने पाणी जमिनीच्या मालकीतून सोडवले. हिवरे बाजार गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला आणि शेतीसाठी बोअर घेणे बंद केले. दोन्ही ठिकाणी खडक इतरांसारखाच होता.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. यांतली ऑक्टोबरची नोंद शेतकऱ्याच्या सर्वांत कामाची, आणि तीच अहवालात बांधून जिल्ह्याला जाते. ती रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत मोठ्याने वाचली पाहिजे: एवढे पाणी आहे, पिण्याचे एवढे बाजूला, उरलेल्यात हरभरा-ज्वारी बसते, उन्हाळी पीक बसत नाही. आकडे सोप्या मराठीत मांडणे हे आपले, भूवैज्ञानिकांचे काम. शोधनिबंधाला त्यातून गुण मिळत नाहीत, हे मला माहीत आहे.

जलधर, म्हणजे पाणी धरणारा खडक, दोन-तीन गावांखाली पसरलेला असतो, तेव्हा एका ग्रामसभेने भागत नाही. त्यासाठी अधिनियमात पाणलोट जलसंपत्ती समितीची तरतूद आहे. परत गेल्यावर आपल्या पाणलोटात ती स्थापन झाली आहे का, एवढे लेखी विचारा. झाली असेल तर तिची शेवटची बैठक कधी झाली आणि तिला कोण हजर होते, हेही विचारा.