अजिंठ्याचा उंबरठा : गर्दी, वेळ आणि व्यवस्था

पर्यटनस्थळाचे कार्यव्यवस्थापन म्हणजे तिकीटखिडकीपासून स्वच्छतागृहापर्यंत रोज चालणाऱ्या सर्व कामांची एकमेकांशी घातलेली सांगड; आणि या सांगडीत येणाऱ्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या थांबण्याच्या वेळेचा हिशेब अधिक अवघड असतो, हे अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत फार स्पष्टपणे दिसते. एखादे स्थळ स्वतःची हानी होऊ न देता जेवढ्या माणसांचा वावर सोसू शकते, त्या मर्यादेला धारणक्षमता म्हणतात. अजिंठ्यात ही मर्यादा जागेच्या लांबीरुंदीने ठरत नाही, ती माणसाच्या श्वासाने ठरते. येथील चित्रे कातळावर थेट रंगवलेली नाहीत; माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेल्या गिलाव्यावर ती आहेत, आणि उच्छ्वासातील व घामातील ओलावा शोषून हा गिलावा फुगतो, कोरड्या हवेत पुन्हा आकसतो, व अशा फुगण्या-आकसण्यातूनच त्याची कातळावरील पकड सैल होते. निजाम राजवटीत १९२०च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी जतनासाठी चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला. उपचारही येथे इतका जोखमीचा असल्यामुळे झीज होऊच न देणे हाच शहाणपणाचा मार्ग उरतो.

म्हणून चित्रित लेण्यांत एका वेळी साधारण ४० जणांनाच आत सोडण्याची पद्धत आहे. प्रत्येक गटाला १५ मिनिटे दिली, तर तासाला १६० आणि आठ तासांच्या दिवसात १,२८० माणसे एक लेणे पाहू शकतात; त्याहून अधिक लोक आले की एकतर रांग वाढते, नाहीतर आतला वेळ घटतो, तिसरी वाट नाही. रांगेचे मूळ मात्र लेण्याच्या दारापासून बरेच दूर, फर्दापूरच्या टी-जंक्शनवर असते. खासगी वाहने सुमारे चार किलोमीटर अलीकडे तेथेच थांबवली जातात आणि पुढचा प्रवास बसने होतो, ही वाघूर नदीच्या दरीतील धूर आणि कोंडी टाळणारी अत्यंत योग्य योजना आहे; परंतु बस माणसांना थेंबाथेंबाने आणत नाही, एकदम लोंढ्याने आणते, आणि पायऱ्या चढून आलेला प्रत्येक जण पहिल्या क्रमांकाच्या लेण्याकडेच वळतो. दोन बसचे प्रवासी एकत्र पोचले की पहिल्या लेण्याच्या ओसरीत दाटी होते, तर त्याच वेळी सतराव्या लेण्यात निवांतपणे पाहता येते. बस सुटण्याची वेळ लेण्याच्या दाराशी जुळवली आणि काही गटांना दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायला लावली, तर एकही नवी भिंत न बांधता ही दाटी बरीच ओसरू शकते.

पंधरा मिनिटांची मर्यादाही दिसते तितकी उदार नाही. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना प्रथम नुसता अंधारच दिसतो. मंद प्रकाशात पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीची झुकलेली मान आणि हातातील कमळ उमटायला काही मिनिटे जातात, आणि नेमक्या त्याच वेळात कोणाचा तरी मोबाइल उजळतो व सर्वांच्या डोळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. यासाठी ओसरीतील सावलीत थांबणे वाया गेलेला वेळ मानता कामा नये. बूट काढणे, फ्लॅश बंद करणे, चित्रातील कथेची तोंडओळख आणि डोळे अंधाराला सरावणे हे सारे तेथेच उरकले, तर आतला प्रत्येक क्षण चित्राच्या वाट्याला येतो.

फ्रान्समधील लास्को ही चित्रित गुहाही प्रेक्षकांच्या श्वासाने होणाऱ्या हानीमुळे १९६३ मध्ये लोकांसाठी बंद करावी लागली आणि १९८३ मध्ये जवळच तिची प्रतिकृती खुली झाली. त्याच वर्षी अजिंठा जागतिक वारसा यादीत आले. अजिंठ्याची दारे आजही उघडी आहेत, सोमवारचा अपवाद सोडून, आणि ती उघडी ठेवण्याचा भार प्रत्यक्षात उंबरठ्यावर उभे राहून माणसे मोजणाऱ्या पहारेकऱ्यावर असतो. त्याच्या नेमणुकीला, प्रशिक्षणाला आणि दर दोन तासांनी मिळायला हव्या त्या विश्रांतीला नियोजनात वाहनतळाइतकेच स्थान असले पाहिजे.