विश्वास ठेवायचा, म्हणजे काय करायचे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात रविवारी सकाळी झालेल्या प्रार्थनासभेतील भाषण)



संयोजकांनी मला ‘ख्रिस्ती जीवनातील विश्वास’ हा विषय दिला आणि बोलायला दहा मिनिटे दिली. मी उपदेशक नाही. पस्तीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली. तेव्हा मोठे सिद्धांत माझ्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. जे कामाला आले तेवढे सांगते. समोरचे बरेच जण ख्रिस्ती नाहीत, त्यांनीही ते आपल्या परीने पारखून घ्यावे.

मराठीत आपण एखादी गोष्ट ‘खरी मानतो’ आणि एखाद्या माणसावर ‘विश्वास ठेवतो’. दोन्हींत फरक आहे. शेजारणीकडे घराची किल्ली देऊन आपण गावाला जातो, तेव्हा आपण तिच्यावर विसंबतो. पवित्र शास्त्रातला विश्वास या किल्लीसारखा आहे. अब्राहामाला देवाने आपला देश सोडायला सांगितले. कुठे जायचे हे त्याला ठाऊक नव्हते, तरी तो निघाला. तो निघाला, म्हणून त्याचा विश्वास आपल्याला दिसतो.

शाळेत असताना आम्हाला एक कोडे पडायचे. पौल म्हणतो, तारण कृपेने मिळते, ते कर्मांनी कमावता येत नाही. याकोब म्हणतो, कृती नसेल तर विश्वास मेलेला आहे. मग खरे कोणाचे? वॉर्डात काम करताना मला उत्तर सापडले. ताप उतरला की रोग्याला भूक लागते. भूक लागल्यामुळे ताप उतरत नाही. पण ताप उतरून आठवडा झाला तरी भूक लागत नसेल, तर डॉक्टर पुन्हा तपासतात. पौल औषधाविषयी बोलतो, याकोब भुकेविषयी.

आपल्या मातीतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे त्यांनीच लिहून ठेवले की, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता; तो आठेक वर्षांनी भेटला. एवढ्या विद्वान बाईने हे लिहावे, यात आपल्यासारख्यांना मोठा दिलासा आहे. रमाबाईंनी तरुणपणी आपले आईवडील दुष्काळात गमावले होते. १८९६ च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि अनाथ मुली व विधवा यांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. तिथे प्रार्थना होती, तसे शेती, विणकाम आणि छापखान्याचे कामही होते. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करीत राहिल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते.

आता थोडे माझे. माझे यजमान गेले तेव्हा वर्षभर माझ्या तोंडून प्रार्थनेचा शब्द निघत नव्हता. उपासनेला जाऊन बसायचे, गीत सुरू झाले की गप्प राहायचे. मंडळीतल्या बायकांनी मला एकदाही विचारले नाही की, तुझा विश्वास कुठे गेला. त्या आळीपाळीने डबा आणायच्या, माझ्याशेजारी बसायच्या आणि माझ्या वाटचेही गायच्या. मी ड्युटीवर जात होते, जखमा धुवत होते, पट्ट्या बांधत होते. शब्द हळूहळू परत आले. त्या वर्षात मला कळले की, विश्वास ही एकट्याने उचलायची वस्तू नाही. स्तोत्रसंहितेत देवाला जाब विचारणारी स्तोत्रे आहेत आणि ती सगळ्यांनी मिळून गायची आहेत. संशय घेणाऱ्या थोमालाही इतर शिष्यांनी आपल्यातून घालवले नव्हते, म्हणून येशू पुन्हा आला तेव्हा तो त्यांच्यात होता.

आपल्या तुकडीच्या यादीत कालपासून मी काही नावांपुढे ‘येऊ शकत नाही’ असे पाहिले. कोणी अंथरुणाला खिळले आहे, कोणी एकटे पडले आहे, कोणी बोलणेच सोडले आहे. व्हॉट्सॲपवर जोडलेले हात आपण सगळेच पाठवतो. उघड्याला ‘ऊब घे’ आणि उपाशाला ‘तृप्त हो’ असे नुसते सांगण्यात काय अर्थ, हे याकोबाने फार पूर्वी विचारले आहे.

म्हणून विनंती एवढीच: जेवणानंतर ती यादी मेजावर ठेवली जाईल. प्रत्येकाने एक नाव घ्यावे आणि या महिन्यात त्या घरी जाऊन यावे. प्रार्थना करता आली तर करावी. नाही तर डबा घेऊन जावे आणि शेजारी बसावे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.